तिवठा

उदगीरच्या सरकारी दवाखान्यात
सोनोग्राफीच्या खोलीला खिडकी आहे,
पण ती जुन्या फायलींच्या कपाटाआड.
डिसेंबर. पंखा बंद.
जेलची बाटली मी काखेत धरून कोमट करते;
हे पुस्तकात नाही, गयाबाई सिस्टरनी शिकवलं.

चाँदपाशा दर्जी, वय एकसष्ट.
उजवा गुडघा, आतली बाजू.
"जिना चढताना, अन् मांडी मोडून उठताना.
उतरताना काही नाही. उतरतं काय, कुणीही."
किल्ल्याच्या रस्त्याला दुकान,
चाळीस वर्षं गादीवर मांडी घालून
काज-बटण हातानं.
पायजमा ते स्वतःच दुमडतात,
बोटभर, बोटभर, दोन्ही कडा सारख्या.

अंबाजोगाईला, पहिल्या वर्षी,
फॉर्मलीननं डोळे चुरचुरत असताना
चार नंबरच्या टेबलावर
ह्या तिघी मी चिमट्यानं उचलल्या होत्या.
एक कमरेच्या हाडाच्या टोकावरून निघते, तिरपी,
अख्खी मांडी ओलांडते; अंगात तिच्याइतकं लांब कुणी नाही.
एक जांघेतून सरळ, बारीक, कुणाच्या अध्यात ना मध्यात.
तिसरी, आपण बसतो त्या हाडावरून, मागच्या वाटेनं.
तीन गावच्या, तीन नसांच्या हुकमातल्या,
आणि गुडघ्याच्या जरा खाली, आतल्या अंगाला
नडगीच्या हाडावर तिघी एकाच जागी टेकतात.
पुस्तक म्हणतं, हंसाचा पाय.
माझा जोडीदार निवृत्ती, शेळगावचा, म्हणाला,
हंस बघितलाय का कुणी? तिवठा म्हण.
परीक्षेत मी हंस लिहिला.

प्रोब टेकवला. पडद्यावर
करडी कातडी, करडी चरबी,
तळाशी हाडाची पांढरी कड,
तिच्यावर तंतू. उजळ, एकाला लागून एक,
मागावर ताणा लावून ठेवावा तसे.
आणि मध्येच एक काळा तुकडा.

माझ्या पोटात गार पडलं.
तुटलीय, मी म्हणाले.
मनातल्या मनात, असं मला वाटलं.

पाशाचाचा मान वळवून बघत होते.
"हात सीधा करो, बेटी."
काय?
"मखमल है ये. लव उलटी बघितली की काळी,
सुलटी बघितली की उजेड.
गिऱ्हाईक भांडतं रोज, दोन थानांचं कापड लावलं म्हणून.
थान एकच असतं."

मनगट केसभर कललं होतं.
सरळ केलं.
काळं गेलं. तंतूला तंतू लागून,
जसे काही कुठं गेलेच नव्हते.
हे मात्र पुस्तकात होतं.
त्या ओळीखाली मीच रेघ मारली होती, हिरव्या पेनानं.

तरी थोडं काळं उरलं,
कंडरांच्या खाली, कापड आणि अस्तराच्या मध्ये,
मनगट कसंही फिरवलं तरी न हलणारं.
ते खरं. सुजलेली पिशवी, आत पाणी.
मापलं. चौदा मिलिमीटर.
"म्हणजे शेरवानीचं बटण," ते म्हणाले,
आणि थोडे खूशच झाले, माप कळल्यानं.

मग मी सांगितलं,
त्या लांब, तिरप्या स्नायूचं नाव
शिंप्यावरून पडलंय, चाचा.
मांडी घालताना तोच ओढतो पाय.
ते बराच वेळ गुडघ्याकडे बघत राहिले.
"नाव आमचं दिलं," म्हणाले,
"मजुरी कुणी दिली का त्याला?"

जेल पुसायला कागद दिला, नक्को म्हणाले,
खांद्यावरच्या चिंधीनं पुसलं.
पायजमा घडी-घडीनं खाली सोडला.
"इथं फाटला होता, गेल्या साली,
मशीनच्या खिळ्याला लागून."
मी वाकले. डोकं कलवून बघितलं,
सरळ करून बघितलं.
रफू सापडेना.
त्यांनी बोट तिथंच ठेवलं होतं.